कोलकात्याच्या पूर्वेला: खत, सांडपाणी आणि लहान शेतकरी

खताविषयी मराठीत जे लिहिले आणि बोलले जाते, ते बहुतेक कृषी सेवा केंद्राच्या दारातून सुरू होते. गोणीचा भाव काय झाला, युरियाबरोबर दुसरे काय गळ्यात मारले, १०:२६:२६ मिळाले की नाही, लागवडीनंतरचा डोस कधी द्यायचा. हे प्रश्न खरे आहेत आणि हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याला दुसरे सुचणारही नाही. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न आपण विचारायचे जवळजवळ सोडून दिले आहे: गेल्या वर्षी शेतातून जे निघून गेले, ते गेले कुठे? एक क्विंटल ज्वारीच्या दाण्याबरोबर साधारण दीड किलो नत्र शेताबाहेर जाते. त्याच्यासोबत स्फुरद जाते, पालाश जाते, भाजी-फळांतून आणखी जाते. ते शहरात पोचते, माणसांच्या पोटातून गटारात उतरते, गटारातून नदीत आणि नदीतून धरणात किंवा समुद्रात. शेतात ते परत येत नाही, म्हणून दरवर्षी गोणी लागते. खताची टंचाई ही मुळात परतीच्या वाटेची टंचाई आहे, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे. ते तपासून पाहण्यासाठी पुढची पाने कोलकात्याच्या पूर्वेच्या पाणथळ पट्ट्यात जातात. तिथल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी आणि मासळी पिकवणाऱ्यांनी ही परतीची वाट शंभर वर्षांहून अधिक काळ चालती ठेवली आहे.

आधी थोडा हिशेब मांडू. आपल्या देशात पालाशयुक्त खत जवळजवळ सगळे आयात होते. स्फुरदाचा कच्चा मालही मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. युरिया इथे बनतो खरा, पण त्यासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा वाटा आयातीचा असतो. म्हणून युक्रेनमध्ये युद्ध पेटले की त्याचा चटका लातूरच्या सोयाबीनला बसतो. २०२२-२३ मध्ये केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. युरियाचा भाव सरकारने बांधलेला आणि बाकीच्या खतांचे भाव चढते, म्हणून शेतकरी युरियाकडे झुकतो. त्यातून नत्र जास्त, स्फुरद-पालाश कमी आणि सेंद्रिय कर्ब तर विचारायलाच नको, अशी जमीन तयार होते. आता दुसरी बाजू पाहा. भारतीय आहारावर जगणारा माणूस वर्षाला सुमारे अडीच ते तीन किलो नत्र शरीराबाहेर टाकतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत कोलकाता महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४५ लाख लोक होते. म्हणजे एकट्या या शहराच्या गटारांत वर्षाला अकरा ते साडेतेरा हजार टन नत्र उतरते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असते. हा हिशेब पाच लाखांहून अधिक गोण्यांवर जातो. हे सगळे नत्र पकडता येणार नाही. वाटेत काही उडून जाते, काही गाळात बसते. तरीही शहर म्हणजे खताचा केवढा साठा आहे, याची कल्पना एवढ्याने यावी.

कोलकात्याची जमीन हुगळीच्या काठाशी उंच आणि पूर्वेकडे उतरती आहे. त्यामुळे शहराचे पाणी नदीकडे पाठ करून पूर्वेच्या खाऱ्या दलदलीत जाते. एकोणिसाव्या शतकात विल्यम क्लार्क या अभियंत्याने भूमिगत गटारांची योजना आखली, तीही याच उताराच्या आधाराने. पूर्वेला विद्याधरी नदी होती आणि तिच्यातून समुद्राच्या भरतीचे खारे पाणी आत येई. त्या पाण्यात खाऱ्या पाण्यातली मासळी पिकत असे. पुढे विद्याधरी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती निकामी झाल्याचे जाहीर करावे लागले. भरती थांबली, खारे पाणी संपले आणि तिथल्या मच्छीमारांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. १९३० च्या आसपास बिधुभूषण सरकार नावाच्या जमीनदाराने शहराचे सांडपाणी तळ्यात घेऊन त्यावर मासे वाढवण्याचा प्रयोग केला, असे या भागाच्या इतिहासात नोंदले आहे. प्रयोग साधला, शेजाऱ्यांनी पाहिला आणि उचलला. १९४० च्या दशकात शहराचे पाणी सुमारे तीस किलोमीटर दूर कुल्टी नदीपर्यंत नेणारे कालवे झाले. त्या कालव्यांच्या काठाने सांडपाण्यावरच्या तळ्यांचे जाळे पसरले. त्याच्याही आधी, १८७९ च्या सुमारास, भवनाथ सेन यांनी याच पट्ट्यातल्या धापा इथली शहराचा कचरा पडणारी जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिथे भाजीपाला सुरू केला होता. गटारे आणि कालवे अभियंत्यांचे, पण मासळी आणि भाजीची ही व्यवस्था कुणा सरकारी तज्ज्ञाने आराखडा काढून उभारलेली नाही. एक नदी मेली आणि एका शहराला आपली घाण टाकायला जागा हवी होती. त्या दोन अडचणींच्या मधल्या जागेत शेतकऱ्यांनी आपले शास्त्र घडवले.

ते शास्त्र जवळून पाहण्यासारखे आहे. इथल्या तळ्याला भेडी म्हणतात. भेडी उथळ असते, गुडघ्यापासून छातीपर्यंत पाण्याची. ती खोल ठेवली तर ऊन तळापर्यंत पोचत नाही आणि सगळा डाव उन्हावरच चालतो. थंडीत भेडी उपसून कोरडी करतात, गाळ काढतात, बांध दुरुस्त करतात, तळ उन्हात भेगाळू देतात, नांगरतात आणि चुना टाकतात. मग कालव्याचे तोंड उघडून काळे, वासाचे सांडपाणी आत घेतात आणि काही आठवडे ते तसेच ठेवतात. जाळी ओढून किंवा माणसे उतरवून पाणी ढवळतात. जिवाणू घाण कुजवतात, त्यातून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढते आणि उन्हात शेवाळ जो प्राणवायू सोडते त्यावर जिवाणू पुन्हा काम करतात. पाणी काळ्याचे हिरवे होते. हिरवा कोणत्या छटेचा आहे, हाताला कसा लागतो, वास कसा येतो, यावर मासळीचे बीज कधी सोडायचे ते ठरते. रोहू, कटला, मृगल, चंदेरी कार्प, तिलापिया या माशांना हे शेवाळ आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीव हेच मुख्य खाद्य. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर सांडपाणी जास्त झाले हे कामगाराला कळते आणि तो कालव्याचे तोंड बंद करतो. खत किती द्यायचे याचा हा निर्णय रोज, पाण्याकडे पाहून घेतला जातो. आपल्याकडे पाकिटावरचा डोस वाचून खत टाकणाऱ्या शेतकऱ्याला एके काळी मातीबद्दल असेच ज्ञान होते, हे इथे नोंदवले पाहिजे. बांधाच्या कडेने जलपर्णी मुद्दाम वाढू देतात. ती लाटांचा मार अडवते आणि पाण्यातले जड धातू मुळांत ओढून घेते. आपल्याकडे हीच जलपर्णी नदीतून काढण्यासाठी निविदा निघतात.

भेडीतून बाहेर पडलेले पाणी पुढे भातखाचरांत जाते. तिथे उरलेले नत्र भाताला मिळते आणि युरियाचा खर्च कमी होतो. धाप्याच्या भाजीच्या मळ्यांत रचना वेगळी आहे. कचरा कुजून झालेल्या मातीच्या लांब पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये खंदकासारखी लांबट तळी, ज्यांना झील म्हणतात. झिलीतले पाणी डब्याने उचलून वाफ्यांना देतात. फुलकोबी, कोबी, वांगी, मुळा, पालक, मका असे वर्षभर काहीना काही निघत राहते आणि ते काही तासांत शहराच्या बाजारात पोचते. या सगळ्या पट्ट्याचे संरक्षित क्षेत्र १२,५०० हेक्टर आहे. त्यात सुमारे ५,८५० हेक्टर पाणपसारा, जवळपास ६०० हेक्टर कचऱ्यावरची शेती आणि बाकी भातशेती व वस्त्या. वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासळी इथून शहराला मिळते. हे आकडे थक्क करणारे असले तरी वाचकाने त्यांच्यावर थांबू नये. पाणी स्वच्छ करण्याचे, खत देण्याचे आणि अन्न पिकवण्याचे काम इथे एकाच जागी, एकाच खर्चात होते. आपल्या शासनव्यवस्थेत या तीन कामांची तीन खाती आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. खरा मुद्दा हा आहे.

हे जगाला दिसले ते ध्रुवज्योती घोष यांच्यामुळे. राज्य सरकारच्या सेवेतल्या या अभियंत्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते याचा माग काढला आणि ते भेड्यांच्या काठाशी येऊन पोचले. शिकलेल्या अभियंत्याने शेतकऱ्याला शिकवायला जावे, ही रीत. घोष यांनी ती उलटी केली. २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते या लोकांच्या ज्ञानाची बाजू मांडत राहिले. दरम्यान शहर पूर्वेकडे सरकतच होते. १९६२ पासून हुगळीचा गाळ नळांतून आणून उत्तरेकडची खारी तळी बुजवली गेली आणि सॉल्ट लेक उपनगर उभे राहिले. उरलेल्या पट्ट्यात २२७ एकरांवर जागतिक व्यापार केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ‘पब्लिक’ ही नागरिकांची संस्था कलकत्ता उच्च न्यायालयात गेली आणि १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळ जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये रामसर यादीत या क्षेत्राचा समावेश झाला आणि २००६ मध्ये त्याच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आला.

इतके वाचून कुणाला वाटेल, ही बंगालची गोष्ट, आपला काय संबंध? संबंध जुना आहे. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला होळकरांच्या राज्यात १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यावरच्या १९३१ च्या मूळ ग्रंथावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्र आणि माती यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी उलटून, तीन महिन्यांत खत तयार करायचे, अशी ती पद्धत. १९३० च्या दशकात केन्यातल्या कॉफीच्या मळ्यांनी ती उचलली. आज कॉफीच्या लहान बागायतदारांसाठी झाडाखाली आच्छादन, फोलपटाचे कंपोस्ट आणि मोजके रासायनिक खत असा जो सल्ला जगभर दिला जातो, त्याचा एक धागा इंदूरपर्यंत येतो. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखतासाठी संडासांचे प्रयोग केले ते याच विचाराने. पटवर्धनांचे नाव इथे आणखी एका कारणासाठी घ्यायला हवे. परतीच्या वाटेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्यांनी ओळखला होता. ही वाट आपल्या समाजात जातीच्या पाठीवर चालत आली. शेतात सोनखत पडायचे ते कुणाच्या तरी डोक्यावरून वाहत. म्हणून जुने ते सोने असे म्हणत या व्यवस्थेकडे परत जाण्याची भाषा मला मान्य नाही. मैला हाताने उचलायला लावणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी ते पाप होते. खत परत आणायचे असेल तर माणसाच्या हाताला मैला लागता कामा नये, ही पहिली अट. भेडीची व्यवस्था ती बऱ्याच अंशी पाळते, कारण मैला पाण्याबरोबर वाहत येतो आणि पाणी, ऊन व जीवजंतू त्याचे काम करतात. धाप्याच्या कचऱ्यात राबणाऱ्या माणसांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. तिथे काच, सुया, प्लास्टिक वेचणारे हात आजही उघडे आहेत आणि पर्यावरणाच्या कौतुकात त्यांचा विसर पडतो.

दुसरा आक्षेप विषाचा. शहराच्या गटारात आता फक्त अन्नाचा अवशेष नसतो. तांगरा, तोपसिया, तिलजला इथल्या चामड्याच्या कारखान्यांचे क्रोमियम वर्षानुवर्षे याच कालव्यांतून वाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते कारखाने हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा नवी जागा निघाली बानतला, म्हणजे याच पाणथळ पट्ट्याच्या कडेला. इथल्या गाळात, भाजीत आणि मासळीत शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांचे अंश अनेक अभ्यासांत सापडले आहेत, काही नमुन्यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. ही गोष्ट लपवून या व्यवस्थेची बाजू मांडणे म्हणजे खाणाऱ्याची फसवणूक होईल. पण यातून निघणारा निष्कर्ष नीट तपासला पाहिजे. ऊन आणि शेवाळ रोगजंतू मारतात, घाण कुजवतात. धातू मात्र कोणीच मारू शकत नाही, ना भेडी, ना कोट्यवधींचे शुद्धीकरण केंद्र. केंद्रात तो गाळात जाऊन बसतो आणि गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो. धातूवर उपाय एकच, तो गटारात पडूच न देणे. म्हणजे विषाचा आक्षेप खरा असला तरी त्याचा रोख शेतकऱ्यावर नको, कारखान्याच्या नळावर हवा. आपल्याकडे नेमके उलटे होते: भाजी तपासली जाते, भाजीवाल्याला दोष लागतो आणि नळ चालू राहतो.

मग शुद्धीकरण केंद्रेच का बांधू नयेत, असे विचारले जाते. बांधावीत, जिथे मोकळी जमीन नाही तिथे दुसरा इलाज नाही. पण केंद्राला वीज लागते, ती चोवीस तास लागते आणि वीजबिल थकले की केंद्र दाखवण्यापुरते उरते, हा महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिकांचा अनुभव आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अनेक केंद्रे घाण काढतात, पण नत्र आणि स्फुरद पाण्यातच ठेवतात आणि ते नदीत सोडतात. शेताला ज्याची गरज आहे तेच नदीला मारते. भेडी ते नत्र मासळीत आणि भातात उतरवते. तिसरा आक्षेप प्रमाणाचा: एवढ्याने देशाचे पोट भरेल का? नाही भरणार. सांडपाण्यातले सगळे नत्र पकडले तरी देशाच्या गरजेचा एक भागच भागेल आणि दूरच्या कोरडवाहू शेतापर्यंत ते नेणे परवडणारही नाही. युरिया बंद करा, असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. शहराच्या वीस-तीस किलोमीटरच्या परिघातल्या लहान शेतीला शहराचे खत मिळावे आणि गोणी तिथून पुढच्या शेतासाठी राहावी, एवढेच म्हणणे आहे.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र जमिनीच्या भावाचा आहे आणि त्याला शास्त्राने उत्तर देता येत नाही. शहराच्या पूर्वेकडच्या बायपास रस्त्याला लागून असलेल्या भेडीचा मालक मासळीतून वर्षाला जे मिळवतो, त्याच्या कितीतरी पट बिल्डर एका सहीला देऊ करतो. शहरातल्या गरिबाला घर हवे आहे, हेही खोटे नाही. भेडीवर राबणारे बहुतेक जण मालक नाहीत, मजूर आहेत. भाडेपट्टे लहान मुदतीचे आहेत. उद्या ही जमीन आपल्या हातात असेल की नाही हे ठाऊक नसलेला माणूस बांध का दुरुस्त करील आणि गाळ का काढील? जमिनीची निगा राखण्याचे सल्ले देणारे या प्रश्नाला बगल देतात. मातीत आज घातलेले कष्ट पाच वर्षांनी फळतात. मुदतच एका वर्षाची असेल, तर एका हंगामात फळणारी गोणीच शहाणपणाची ठरते. कायदा भराव रोखतो. पण तळ्यात पाणीच आले नाही तर तळे आपोआप कोरडे पडते आणि मग त्यावर भराव टाकायला फारसे धाडस लागत नाही. म्हणून बानतलाच्या दरवाजापाशी कालव्याची पातळी किती ठेवायची, हा वरकरणी किरकोळ वाटणारा तांत्रिक प्रश्न इथे जिवंत भांडण आहे. पातळी उंच ठेवली तर सांडपाणी पंपाशिवाय भेड्यांत उतरते. पावसाळ्यात शहर तुंबू नये म्हणून ती खाली हवी असते. शहराचे पाणी काढणाऱ्यांना आणि भेडीवाल्यांना एका टेबलाशी बसवून ही पातळी ठरवणारी यंत्रणा नीट चालली, तर बाकीच्या अनेक गोष्टी टिकतील.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण हे पुस्तक मराठी वाचकाच्या हातात आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. उजनीचे पाणी उन्हाळ्यात शेवाळाने हिरवे पडते, म्हणजे भेडीत मुद्दाम घडवून आणलेली तीच क्रिया तिथे बेवारशी घडते. त्याच धरणाच्या लाभक्षेत्रात ऊसवाला शेतकरी युरियाच्या गोण्या विकत घेतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे पाणी उचलून बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला दिले जाते, हे परतीच्या वाटेचे पहिले पाऊल म्हणता आले असते. पण ते पाणी किती शुद्ध आहे, त्यात काय आहे, एकरी किती नत्र त्यातून येते आणि म्हणून युरिया किती कमी टाकावा, हे शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. तो पाणीही घेतो आणि पूर्ण डोसही टाकतो. कृष्णाकाठी शिरोळ तालुक्यात जास्त पाणी आणि जास्त खताने जमिनी क्षारपड झाल्या, तो धडा जवळच आहे. बेबी कालव्याच्या पाण्याची दर महिन्याला तपासणी करून नत्र-स्फुरदाचे, क्षारांचे आणि धातूंचे आकडे गावोगावच्या चावडीवर लावणे, हे काम अवघड नाही आणि त्याला फार पैसाही लागत नाही. त्यासाठी महापालिका, जलसंपदा आणि कृषी या तिघांना एकमेकांचे कागद पाहावे लागतील. भेडीवरचा कामगार पहाटे माशांकडे पाहून जे ठरवतो, ते दौंडच्या शेतकऱ्याला ठरवता यावे यासाठी त्याच्या हातात निदान तेवढी माहिती असायला हवी.